परदेशातली युद्धस्मारकं, नेत्यांच्या भेटी आणि बेळगाव भागातली आपली माणसं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टीव्हीवर पंतप्रधान परदेशातल्या एखाद्या युद्धस्मारकावर पुष्पचक्र वाहताना दिसले, की दुसऱ्या दिवशी मला फोन येतात. कंग्राळीहून, उचगावहून, खानापूरच्या जंगलपट्टीतून, कधी निपाणीकडून. मी बरीच वर्षं शाळेत इतिहास शिकवला आणि माझ्या आजोबांचे चुलते पहिल्या महायुद्धात इराकमधल्या बसऱ्याला गेले ते परतले नाहीत, हे लोकांना ठाऊक आहे, म्हणून विचारतात. बोलणं कुठूनही सुरू झालं तरी शेवटी एकाच जागी येऊन थांबतं: "आमच्या माणसाचं नाव तिथं असेल का हो?" पुन्हा पुन्हा तीच उत्तरं देण्यापेक्षा ती इथं लिहून ठेवतो.

नेते या स्मारकांना जातात तरी कशाला?

दौऱ्यात व्यापार असतो, करार असतात, जेवणावळी असतात. स्मारकापुढचा अर्धा तास वेगळा असतो. यजमान देशाला तिथं न बोलता सांगितलं जातं, की तुमची जमीन वाचवताना आमची माणसं इथं पडली आहेत. यजमान नेताही शेजारी उभा राहिला, तर त्या देशाने ते मान्य केलं असा अर्थ होतो.

स्वतंत्र भारताने बराच काळ या स्मारकांपासून अंतर राखलं. इंग्रजांच्या सैन्यात लढलेल्यांचं काय करायचं, हा संकोच होता. फ्रान्समधल्या न्यूव्ह शापेलचं भारतीय स्मारक १९२७ साली खुलं झालं. तिथं ४,७०० हून अधिक भारतीयांची नावं कोरलेली आहेत. पण तिथं पाय ठेवणारे पहिले भारतीय पंतप्रधान पोचले ते एप्रिल २०१५ मध्ये. मधे ८८ वर्षं गेली. त्यानंतर मात्र हा रिवाजच पडला. जुलै २०१७ मध्ये इस्रायलमधलं हैफा झालं. नोव्हेंबर २०१८ मध्ये फ्रान्समधल्याच व्हिलेर-गिस्लँ इथं उपराष्ट्रपती व्यंकय्या नायडूंच्या हस्ते नव्या भारतीय स्मारकाचं उद्‌घाटन झालं. पुढे जून २०२३ मध्ये कैरोचं हेलिओपोलिस, ऑगस्ट २०२४ मध्ये वॉर्सा आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये मार्सेलजवळची माझार्ग दफनभूमी, जिथं फ्रान्सचे अध्यक्ष माक्रों सोबत होते.

हैफाचा आपल्या कर्नाटक राज्याशी थेट संबंध आहे. २३ सप्टेंबर १९१८ रोजी ते शहर घेणाऱ्या घोडदळात जोधपूरच्या स्वारांबरोबर म्हैसूर संस्थानचे स्वार होते.

ती लढाई इंग्रजांची होती. आपण मान का द्यायचा?

हा प्रश्न तरुण मुलं विचारतात आणि रागाने विचारतात. राग रास्त आहे. १९१४ साली युद्धात उतरायचं की नाही हे भारतीयांना कोणी विचारलं नव्हतं. पहिल्या महायुद्धात दहा लाखांहून अधिक भारतीय समुद्रापार गेले आणि सत्तर हजारांहून अधिक मेले. स्वराज्याची जी आशा दाखवली गेली, तिच्या जागी १९१९ साली रौलट कायदा आणि जालियनवाला बाग पदरात पडली.

पण गेला तो माणूस आपल्या घरातला होता. दोन बिघे खडकाळ जमीन, तीन भाऊ, पावसाचा भरवसा नाही, अशा घरातला एक जण पलटणीत गेला की बाकीच्यांच्या ताटात भाकरी पडायची. साम्राज्याचा हिशेब त्याच्या माथी मारणं मला पटत नाही. पुष्पचक्र त्या माणसाला असतं.

स्मारक कुणाचं राहू द्यायचं हे सत्ताच ठरवते, हेही विसरू नका. सिंगापूरमध्ये नेताजींनी जुलै १९४५ मध्ये आझाद हिंद सेनेच्या शहिदांच्या स्मारकाची पायाभरणी केली. इंग्रज सप्टेंबरात परतले आणि त्यांनी ते पाडून टाकलं. त्या जागी खूण म्हणून फलक लागायला १९९५ साल उजाडलं. आझाद हिंद सेनेत गेलेले कित्येक जण आधी इंग्रजांच्याच पलटणीत होते. एकाच गावातून, कधी एकाच घरातून माणसं दोन्हीकडे गेली. मी दोघांचीही नावं शोधून देतो.

आपल्या भागातली माणसं नेमकी कुठं लढली?

मुख्यतः मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये. म्हातारी माणसं "बसऱ्याची लढाई" म्हणायची ती हीच. मराठा पलटणींचे क्रमांक लक्षात ठेवा, शोधताना लागतात: १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७.

यातल्या १०३, ११० आणि ११७ या पलटणी बगदादच्या दिशेने चढून गेल्या. नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफॉनला मोठी लढाई झाली, माघार घ्यावी लागली आणि डिसेंबरच्या सुरुवातीला सगळी फौज कुत-अल-अमारा या गावात वेढली गेली. वेढा जवळपास पाच महिने चालला. धान्य संपत आलं तेव्हा घोडे कापले गेले. धर्म आणि जात यांच्या धाकाने भारतीय शिपायांनी कितीतरी आठवडे घोड्याचं मांस तोंडात घातलं नाही, त्यामुळे स्कर्व्हीने आणि अशक्तपणाने तेच आधी खचले. २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती झाली. सुमारे तेरा हजार जण कैदी झाले, त्यांत बहुसंख्य भारतीय. त्यांना वाळवंटातून पायी उत्तरेकडे हाकलत नेलं, पुढे रेल्वेच्या कामाला जुंपलं. वाटेत पडला तो तिथंच राहिला. त्याला ना चिता मिळाली ना थडगं.

आमच्या घरात त्या चुलत पणजोबांचं श्राद्ध सर्वपित्री अमावास्येला व्हायचं, कारण तिथी कुणालाच माहीत नव्हती. बेळगाव भागात अशी घरं पुष्कळ आहेत. तुमच्याकडेही कुणा सैनिकाचं पान अमावास्येला वाढलं जात असेल, तर कुतचा विचार आधी करा.

११४वी पलटण ऑक्टोबर १९१८ मध्ये शरकतला तुर्कांविरुद्धच्या शेवटच्या लढाईत होती. हीच पलटण १९२२ साली प्रशिक्षण बटालियन म्हणून बेळगावला आली. आज आपण ज्याला सहजपणे मराठा सेंटर म्हणतो, त्याचं मूळ असं इराकच्या वाळूत आहे.

दुसऱ्या महायुद्धात मराठे एरिट्रियात केरेनच्या डोंगरांवर (१९४१) आणि नंतर इटलीत लढले. नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात पडले, तेव्हा त्यांचं वय होतं २२. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. शिपाई नामदेव जाधव यांना ९ एप्रिल १९४५ च्या सेनिओ नदीवरच्या पराक्रमासाठी तोच सन्मान मिळाला आणि ते जिवंत घरी आले.

मग पंतप्रधान फ्रान्सला गेले तेव्हा आमच्या पणजोबांना मान मिळाला का?

मनाने म्हणाल तर हो. नावाने म्हणाल तर बहुधा नाही. फ्रान्समध्ये लढल्या त्या लाहोर आणि मीरत डिव्हिजन. त्यांत गढवाली, गुरखे, शीख, डोग्रा, जाट, पठाण अशा पलटणी होत्या. न्यूव्ह शापेलच्या गोल भिंतीवर मुख्यतः त्यांची नावं आहेत. आपली माणसं बसऱ्याच्या स्मारकाची.

बसऱ्याच्या स्मारकावर नावं आहेत ना?

हा प्रश्न आला की मला थोडं थांबून बोलावं लागतं, कारण समोरच्याच्या आवाजात आशा असते.

बसरा स्मारक १९२९ साली उभं राहिलं. १९१४ ते १९२१ या काळात मेसोपोटेमियात मेलेल्या आणि थडगं नसलेल्या ४०,००० हून अधिक लोकांचं ते स्मारक आहे. त्यावर इंग्रज शिपायाचं नाव कोरलं. भारतीय अधिकाऱ्यांचंही कोरलं. पण भारतीय नाईक, हवालदार, शिपाई यांचं नाव कोरलं नाही. पलटणीचं नाव लिहून खाली नुसता आकडा दिला: इतके भारतीय शिपाई. नावं वेगळ्या नोंदवहीत गेली.

हे काही दगड कमी पडला म्हणून झालं नाही. या लोकांना नावाची गरज वाटत नाही, असं तेव्हाच्या अधिकाऱ्यांनी धरून चाललं. ज्या समाजात वंशावळ भाटाकडून पिढ्यान्‌पिढ्या म्हणून घेतात, पिंडदानाला तीन पिढ्यांची नावं घ्यावी लागतात, त्या समाजाबद्दल हे ठरवलं गेलं.

एप्रिल २०२१ मध्ये कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनने, म्हणजे महायुद्धांतल्या मृतांची थडगी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या संस्थेने, स्वतःच नेमलेल्या समितीचा अहवाल प्रसिद्ध केला. पहिल्या महायुद्धातल्या ४५,००० ते ५४,००० मृतांची, मुख्यतः आशियाई आणि आफ्रिकी, स्मृती असमान रीतीने जपली गेली, आणि आणखी किमान १,१६,००० जणांची, कदाचित ३,५०,००० पर्यंत लोकांची, नावानिशी किंवा कसलीच नोंद झाली नाही, असं त्यात मान्य केलं. कमिशनने माफी मागितली. २२ एप्रिल २०२१ रोजी ब्रिटनचे संरक्षणमंत्री बेन वॉलेस यांनी त्यांच्या संसदेत उभं राहून माफी मागितली.

स्मारकाचेही भोग पाहण्यासारखे आहेत. मूळ जागा शत-अल-अरब नदीकाठच्या नौदलाच्या गोदीत होती. १९९७ साली सद्दाम हुसेनच्या हुकमाने ते सगळं उचलून नासिरियाच्या रस्त्यावर ३२ किलोमीटर आत वाळवंटात नव्याने मांडलं गेलं. आखाती युद्धाचं रणांगण तेच. तिथं कॅमेरे जात नाहीत. नेत्यांच्या दौऱ्यात पॅरिस येतं, कैरो येतं. बसरा येत नाही. माझं सगळं म्हणणं याच एका गोष्टीपाशी आहे: जिथं नावं कोरलेली आहेत तिथं पुष्पचक्रं जातात, आणि जिथं नावंच नाहीत तिथं कोणी जात नाही. आपली माणसं या दुसऱ्या जागी आहेत.

गावातल्या शिळेवरही आकडाच आहे. ती कशाची?

पहिल्या महायुद्धानंतर सरकारने ठिकठिकाणी संगमरवरी पाट्या बसवल्या. या गावातून इतके लोक महायुद्धात गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर. चावडीच्या, शाळेच्या किंवा देवळाच्या भिंतीत तुम्हाला अशी पाटी आढळली तर तिच्यावर चुन्याचा हात फिरवू देऊ नका. रंगरंगोटी करणाऱ्याला आधी सांगून ठेवा.

नेते "खेद" म्हणतात, "श्रद्धांजली" म्हणतात. माफी का मागत नाहीत?

कारण माफी म्हटलं की भरपाईचा दावा येतो आणि घरच्या मतदारांचा रोषही येतो. म्हणून शब्द सोनाराच्या काट्यावर तोलून वापरतात.

आपल्याला जवळचं उदाहरण जालियनवाला बागेचं. इंग्लंडच्या राणी एलिझाबेथ १९९७ साली तिथं आल्या, पुष्पचक्र वाहून गेल्या. फेब्रुवारी २०१३ मध्ये पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन आले, घटना अत्यंत लाजिरवाणी असल्याचं त्यांनी अभिप्रायवहीत लिहिलं, माफी मागितली नाही. शंभर वर्षं भरली तेव्हा, एप्रिल २०१९ मध्ये, ब्रिटनच्या तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी संसदेत खेद व्यक्त केला. तिथंही माफीचा शब्द आला नाही.

ओबामा २७ मे २०१६ रोजी हिरोशिमाला गेले. पदावर असताना तिथं जाणारे ते पहिले अमेरिकी अध्यक्ष. त्याच वर्षी २७ डिसेंबरला जपानचे पंतप्रधान शिंझो आबे त्यांच्यासह पर्ल हार्बरला गेले. दोघांनीही माफी मागितली नाही, तरी दोन्ही भेटींना वजन आलं, कारण ज्याने घाव घातला त्या बाजूचा माणूस घाव झाला त्या जागी चालत गेला.

पाकिस्तानचे अध्यक्ष परवेझ मुशर्रफ जुलै २००२ मध्ये बांगलादेशातल्या सावरच्या राष्ट्रीय स्मारकावर गेले आणि १९७१ मधल्या अतिरेकांबद्दल त्यांनी वहीत खेद नोंदवला. बांगलादेशात अनेकांना तो अपुरा वाटला. मलाही वाटतो. त्या युद्धात आपली जंगी पलटण, म्हणजे पहिली मराठा, जमालपूरला लढली. त्या लढाईतून आलेली माणसं अजून आपल्यात आहेत. तिथल्या गावांची काय दशा झाली होती, हे त्यांना बसवून विचारा.

आणि एक भेट अशी, जिथं शब्दच नव्हते. ७ डिसेंबर १९७० रोजी पश्चिम जर्मनीचे चॅन्सलर विली ब्रांट वॉर्सामध्ये ज्यू वस्तीतल्या उठावाच्या स्मारकापुढे गेले, पुष्पचक्राची फीत सरळ केली आणि ओल्या फरशीवर गुडघे टेकून बसले. ब्रांट स्वतः नाझींच्या विरोधातले, देश सोडून पळालेले. त्यांचा वैयक्तिक दोष काहीच नव्हता. वर्गात मी हे सांगायचो तेव्हा मागच्या बाकांवरची पोरंसुद्धा गप्प व्हायची.

वॉर्सात कोल्हापूरचं स्मारक कसं?

वळिवड्यामुळे. सोव्हिएत रशियाने पकडून सैबेरियाकडे हाकललेले पोलिश लोक सुटून इराणमार्गे भारतात आले. त्यांतले सुमारे पाच हजार, बहुतेक बायका आणि मुलं, १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत राहिले. आपल्या इथून ते अंतर शंभर-सव्वाशे किलोमीटरचं. २१ ऑगस्ट २०२४ रोजी भारताच्या पंतप्रधानांनी वॉर्सातल्या कोल्हापूर स्मारकाला अभिवादन केलं. त्याच भेटीत ते इटलीतल्या माँटे कॅसिनोच्या लढाईच्या स्मारकापुढेही उभे राहिले.

परदेशी नेत्यासमोर आपण लढलो तेवढंच सांगायचं असतं असं नाही. आपण आसरा दिला हेही सांगता येतं. वळिवडे पाहिलं नसेल तर मुलांना घेऊन एकदा जाऊन या.

श्रीलंकेत पडलेल्यांचं काय?

१९८७ ते १९९० मध्ये भारताने श्रीलंकेत पाठवलेल्या शांतिसेनेतले सुमारे १,२०० जवान तिथं मरण पावले. त्यांचं स्मारक कोलंबोलगतच्या श्री जयवर्धनेपुरा कोट्टे इथं आहे. ५ एप्रिल २०२५ रोजी पंतप्रधानांनी तिथं पुष्पचक्र वाहिलं. त्या सैनिकांच्या पत्नी आज साठी-सत्तरीत आहेत. त्यांच्याबाबत नाव शोधायचा प्रश्न नाही, त्यांना कुणी बोलावलं की नाही हा आहे. स्मारकदिनाला व्यासपीठावर पहिली खुर्ची त्यांची असायला हवी.

शत्रूच्या सैनिकालाही मान द्यायचा का?

इटलीतलं माँतोने हे गाव घ्या. जुलै २०२३ मध्ये त्या गावाने यशवंत घाडगे यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळाचं स्मारक उभारलं. त्यावर लॅटिनमध्ये लिहिलं आहे, त्याचा अर्थ: सगळे एकाच सूर्याखाली. १९४० साली भारतीय फौजांशी लढाई सुरू केली ती इटलीने, आणि त्याच देशातल्या एका डोंगरी गावाने रायगडच्या पोराचं नाव दगडावर घातलं. मला उत्तर तिथं मिळालं.

मराठा सेंटरमधलं युद्धस्मारक पाहता येतं का?

तो लष्करी भाग आहे. परवानगीशिवाय जाता येत नाही. शाळेने किंवा माजी सैनिक संघटनेने आधी रीतसर अर्ज करावा. ४ फेब्रुवारी हा रेजिमेंटचा दिवस आहे, तानाजी मालुसऱ्यांनी कोंढाणा घेतला त्याच्या स्मरणार्थ. त्या सुमारास निवृत्त मंडळी गावोगावहून जमतात. त्यांच्याशी बोलायला तो काळ चांगला.

१७ जानेवारीच्या, म्हणजे सीमालढ्यातल्या हुतात्म्यांबद्दल इथं काहीच का नाही?

त्यांना अभिवादन करायला मी दरवर्षी जातो. पण तो आपल्या मातीतला, आपल्या भाषेचा प्रश्न आहे, त्याला स्वतंत्र जागा हवी. हे पान परदेशात पडलेल्यांचं. शेजारच्या कन्नड घरातला माणूसही त्याच पलटणीत, त्याच वाळवंटात पडला, आणि त्याचं नाव शोधायला मी तितक्याच आनंदाने बसतो.

आमच्या माणसाचं नाव कसं शोधायचं?

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर नाव टाकून फुकट शोधता येतं. बसऱ्याच्या नोंदवहीतली नावंही तिथं आहेत. काही गोष्टी अनुभवाने कळल्या त्या सांगतो.

इंग्रज कारकुनाने कानाला ऐकू आलं तसं लिहिलं आहे. पवार, पोवार, पवर असं सगळं करून पाहा. सावंतचं स्पेलिंग तीन तऱ्हांनी सापडतं. आडनावाने नाही सापडलं तर नुसतं पहिलं नाव आणि पलटणीचा क्रमांक टाका.

जिल्ह्याकडे नीट बघा. चंदगड तालुका १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता, म्हणून आज कोल्हापूर जिल्ह्यात असलेल्या गावाचा माणूस बेळगावच्या नावाखाली निघतो. उलट शहापूर हे तेव्हा सांगली संस्थानात होतं. शहापूरच्या एका घराने दोन वर्षं बेळगावात शोधलं आणि माणूस सांगलीखाली सापडला.

पहिल्या महायुद्धासाठी कमिशन ३१ ऑगस्ट १९२१ पर्यंतचे आणि दुसऱ्यासाठी ३१ डिसेंबर १९४७ पर्यंतचे मृत्यू धरतं. म्हणजे लढाई संपल्यावर सेवेत असताना तापाने गेलेला माणूसही त्यात असू शकतो. हिंदू सैनिकाचं थडगं शोधू नका. दहन झालेल्यांची नावं वेगळ्या दहनस्मारकांवर असतात, इटलीत सांग्रो आणि फोर्ली इथं, एरिट्रियात केरेनला.

नाव सापडलं, पण गाव चुकलंय. किंवा नावच नाही. दुरुस्ती होते का?

होते, पुरावा असेल तर. आणि उशिरा का होईना, नावं दगडावर चढतातही. इंग्लंडमध्ये ब्रायटनजवळच्या टेकडीवर ५३ हिंदू आणि शीख सैनिकांचं दहन झालं होतं. तिथली छत्री १९२१ साली बांधली, पण त्यांची नावं कोरली गेली ती २०१० साली.

पुरावा म्हणजे पेन्शनचा कागद, डिस्चार्ज बुक, पलटणीचं पत्र किंवा पदक. पदक सापडलं तर त्याचा चेहरा बघू नका, कडा बघा. पहिल्या महायुद्धाच्या पदकाच्या कडेवर क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. शिपायाचं पदक चांदीचं, म्हणून दुष्काळात कित्येक घरांतून ते सोनाराकडे गेलं. खेचरवाले, हमाल, स्वयंपाकी अशांना दिलेलं पदक काशाचं होतं, त्याला कोणी विकत घेतलं नाही, म्हणून ते अजून कुठल्यातरी ट्रंकेत किंवा देव्हाऱ्यामागे पडलेलं असतं. काळं पडलं असेल, पण चिंच आणि राख लावून घासू नका, अक्षरं जातात. मऊ कापडाने पुसा, तिरप्या उन्हात धरा आणि कडेचा फोटो काढून मला पाठवा.